वरून तिसरं

माप घेताना माणूस श्वास रोखतो. पोट आत ओढतो, खांदे मागे टाकतो, आणि टेप निघाली की पुन्हा होता तसा होतो. त्या मापावर कोट बेतला तर तो आरशापुरता बसतो, जेवणानंतर बसत नाही. म्हणून माप घेताना गिऱ्हाइकाला बोलतं ठेवायचं. मुलं काय करतात, दाढेचं दुखणं कसं आहे, घरमालक काय म्हणतो. माणूस बोलायला लागला की पोट विसरतो. तेवढ्यात टेप फिरवायची.

हे मला मास्तरांनी शिकवलं. मी ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. वाहवा मिळाली. आणि ज्यांनी हे शिकवलं त्यांचंच माप मी त्यांनी श्वास रोखलेला असताना घेतलं. मला दिसत होतं, तरी घेतलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मास्तरांविषयी चांगलं चांगलं लिहिता लिहिता मीही चांगली वाटायला लागेन.

मास्तर म्हणजे शिंपी. बेचाळीस वर्षं त्यांनी एका जिन्याखालच्या दुकानात काढली. दुकान इतकं लहान की उंच गिऱ्हाइकाचं माप बाहेर फुटपाथवर घ्यावं लागे. धंदा मामांकडे शिकले. मामांनी पहिलं वर्षभर त्यांना सुई हातात दिली नाही, फक्त उसवायला लावलं. चूक कुठून सुरू होते ते उसवताना कळतं, असं मामांचं म्हणणं. दुसऱ्या वर्षी इस्त्री. तिसऱ्या वर्षी शाळेच्या चड्ड्या. पाचव्या वर्षी पहिला कोट, आणि तो घालून गेलेला कारकून रस्त्याच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे राहून त्याची पाठ बघत होते. समोरून कोट कुणालाही जमतो, शिंपी पाठीत कळतो, असं ते सांगायचे. माझ्या जॅकेटच्या पाठीकडे बघून त्यांनी पहिल्याच दिवशी खेदाने मान हलवली होती.

त्यांची बायको घरी बसून बटणांची काजं करायची. कोटांचा गठ्ठा सकाळी घरी जायचा, संध्याकाळी काजं होऊन परत. लग्न ठरवायला गेले तेव्हा मास्तरांनी मुलीचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता म्हणे, तिच्या पोलक्याचं काज पाहिलं आणि होकार दिला. काकूंना ही गोष्ट अजिबात आवडत नसे. "चेहरा पाहिला असता तर हो म्हणाले नसते," असं त्या म्हणायच्या आणि मास्तर गप्प हसायचे. पुढे तयार कपडे आले. आधी कोट गेले, मग पँटी गेल्या, शेवटी उरलं ते चेन बदलणं आणि पाय आखूड करणं. सत्तरीत मास्तरांनी दुकान सोडलं आणि मशीन घरी आणून खिडकीशी ठेवलं. मुलगा दुसऱ्या गावी मोठ्या नोकरीवर. काकूंना रक्तदाब. दोघंच तिसऱ्या मजल्यावर.

आता माझं. आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी फोनवरचं एक अ‍ॅप बनवते. रोज सकाळी 'मी ठीक आहे' दाबायचं, म्हणजे मुलांचा जीव भांड्यात पडतो. काही झालं तर 'मदत हवी' दाबायचं, म्हणजे आमच्याकडून लगेच फोन होतो, गाडी निघते, नातेवाइकांना कळतं. ऑफिसच्या दारात मोठा फलक आहे: ज्येष्ठांना सोबत घेऊन घडवलेलं. त्यावर आठ म्हाताऱ्या माणसांचा फोटो, मधोमध मास्तर, स्वतः शिवलेल्या राखाडी कोटात. मास्तरांच्या मुलाने कुठेतरी जाहिरात वाचून आईवडिलांची नावं आमच्याकडे दिली होती. काकू आल्या नाहीत. मास्तर दर गुरुवारी आले, दाढी करून, दहा मिनिटं आधी.

माझं काम म्हणजे त्यांच्या शेजारी बसायचं, हातात फोन द्यायचा, आणि गप्प राहून बघायचं. कुठे अडतात, काय वाचतात, काय शोधतात ते लिहायचं. मदत करायची नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण समोर वडिलांच्या वयाचा माणूस घामाघूम होत असताना हात बांधून बसणं फार जड जातं. काचेच्या पलीकडे आमचा प्रमुख उभा असायचा. त्याला आम्ही 'वेळापत्रक' म्हणत असू, त्याच्या पाठीमागे अर्थातच. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त तारखा दिसायच्या.

पहिल्या गुरुवारी मी मास्तरांच्या हातात फोन दिला. पडद्यावर एकाखाली एक चार पट्ट्या: औषधं, डॉक्टर, मदत हवी, मी ठीक आहे. सगळ्या एकाच फिकट रंगाच्या, वर नाजूक करडी अक्षरं. दिसायला फार देखणं होतं, आमच्या चित्रं काढणाऱ्या पोरीने जीव ओतला होता.

"दिसतंय ना, मास्तर?" मी विचारलं.

"हो, हो. अगदी स्वच्छ."

ज्या माणसाने आयुष्यभर सुईत दोरा ओवला त्याला तरुण बाईने 'दिसतंय ना' म्हणून विचारायचं नसतं. तो हो म्हणणारच. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, त्यासाठीच मला पगार मिळतो. त्यांच्या एका डोळ्यापुढे ढग होता आणि दुसऱ्याच्या मधोमध डाग. सरळ बघितलं की नेमकं बघायचं तेच दिसायचं नाही. मला हे समजलं तेव्हा फार उशीर झाला होता.

"समजा काकूंना बरं वाटत नाहीये," मी म्हटलं. "मदत मागवा."

मास्तरांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, तिरका केला. एक पट्टी दाबली, ती औषधांची निघाली. दुसरी दाबली. तिसऱ्यांदा जमलं. 'टिंग' असा आवाज झाला, बरोबरची खूण आली. ते खुर्चीत मागे टेकले आणि रुमालाने मान पुसली. मग चहा घेताना म्हणाले, "अक्षरं जरा बारीक कापलीत का, ताई?"

मी ते 'किरकोळ' या सदराखाली लिहिलं.

चहाचा दुसरा घोट घेऊन ते आणखी एक बोलले. "आम्ही ट्रायलला बोलावतो ना, तेव्हा बाह्या नुसत्या टाचलेल्या असतात. कच्चे टाके लोंबत असतात. ते बघून गिऱ्हाइकाला धीर येतो, इथे सैल करा, तिथे काढा, असं बोलतो तो. तुम्ही तर इस्त्री करून, घडी घालून समोर ठेवलंय. आता त्याने काय सांगायचं? छान आहे म्हणायचं आणि घरी जायचं."

हेही मी लिहून घेतलं, आणि हेही वाचून दाखवलं. 'म्हातारा भारी आहे हं,' असं सगळे म्हणाले. बदललं काहीच नाही, कारण इस्त्री खरंच झालेली होती. आठ माणसं बोलावली होती ती फलकावर फोटो यावा म्हणून. मी हे तेव्हा मान्य केलं नसतं. आता करते.

निघताना मास्तर दारात थांबले. "पुढच्या गुरुवारी हेच असणार ना?"

"हेच असणार."

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा म्हटलं, मदत मागवा. मास्तरांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा डावा हात मांडीवर होता आणि अंगठा बोटाच्या पेरांवरून सरकला. एक, दोन, तीन. ओठही हलले. मग उजव्या हाताचं बोट पडद्याच्या वरच्या कडेला टेकलं, तिथून कापडावर माप धरत यावं तसं खाली आलं, आणि दाबलं. टिंग. चार सेकंद. काचेपलीकडून वेळापत्रकाने दोन्ही अंगठे वर केले. मास्तरांना अंगठे दिसले नसतील, पण माझा चेहरा दिसला असावा, कारण ते इतके खूश झाले की मला भरून आलं.

मी पाहिलं होतं. अंगठाही पाहिला, ओठही पाहिले. ते वाचत नव्हते, मोजत होते. मला स्वच्छ कळलं होतं.

माझ्यासमोरच्या कागदावर दोन प्रश्न होते. मदतीशिवाय केलं का? मी 'हो' लिहिलं, आणि ते खरं होतं. कसं केलं? मी लिहिलं: वाचून.

एकच शब्द. मी त्याची कारणं स्वतःला बऱ्याचदा सांगितली आहेत. 'मोजून' लिहिलं असतं तर चारही पट्ट्या पुन्हा काढाव्या लागल्या असत्या, तारीख पुढे गेली असती, वेळापत्रकाचं तोंड फुगलं असतं. पण ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मी स्वतःला सांगितलं की मास्तरांना वाईट वाटेल, त्यांची चोरी कशाला उघडी पाडायची. म्हणजे माझा आळस आणि माझी भीती मी त्यांच्या अब्रूच्या नावावर खपवली. मला आजही सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते.

पुढच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले, त्यांच्या स्वतःच्या फोनवर अ‍ॅप बसवून द्यायला. दोन खोल्या. खिडकीशी मशीन, त्यावर कापडाचं झाकण, झाकणाच्या कडेलाही नीट पायपिंग केलेलं. भिंतीला कात्री टांगलेली. काकू पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि जुन्या शर्टाची बटणं काढून डबीत टाकत होत्या.

"पोरी, बटणं मी आयुष्यभर लावली," त्या म्हणाल्या. "आता म्हातारपणी दाबायला मला सांगू नकोस. काय दाबायचं ते यांना शिकव. आठवडाभर कापायच्या टेबलावर खडूने चौकोन काढून बसले होते. एक, दोन, तीन. मला वाटलं, पुन्हा कोट बेतताहेत की काय."

मास्तरांनी त्यांच्याकडे डोळे वटारले. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. खडूच्या रेघा टेबलावर अजून दिसत होत्या, चार आडव्या पट्ट्या, फोनपेक्षा चांगल्या मोठ्या आणि ठळक. मी रेघांकडे पाठ करून बसले.

मग मी त्यांना समजावलं, आणि हे माझेच शब्द आहेत, कारण घरोघरी मी हेच सांगायचे. "काकूंना काही झालं तर घाबरायचं नाही. एकदा दाबायचं, टिंग ऐकायचं, फोन खाली ठेवायचा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसायचं. इकडे तिकडे धावायचं नाही. बाकी आम्ही बघतो."

"एकदा दाबायचं, टिंग ऐकायचं, जवळ बसायचं," मास्तर म्हणाले.

त्यांनी चहा केला. चहा पिताना त्यांना धंद्यातलं एक गुपित सांगायची हुक्की आली. "जो माणूस पोट ओढून उभा राहतो ना, त्याला आम्ही काही बोलत नाही. बोललं तर तो पुन्हा येत नाही. पण शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त सोडतो. बाहेरून कळत नाही. सहा महिन्यांनी येतो लाजत लाजत, म्हणतो, मास्तर, धुऊन आटला वाटतं. मी म्हणतो, हो, हल्ली कापडच तसं येतं. आणि आतलं सोडवून देतो."

"आणि त्याला कधीच कळत नाही?"

"कळतं की. मला कळलंय हे त्याला कळतं, त्याला कळलंय हे मला कळतं. बोलायचं कशाला?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटलं, डोळ्यांमुळे तसे बघत असतील.

ते मला तिसऱ्या मजल्यावरून खाली जिन्याच्या तोंडापर्यंत सोडायला आले. गिऱ्हाइकाला पायरीपर्यंत सोडायची सवय, दुकान गेलं तरी गेली नव्हती. नंतरही मी कधी गेले तर निघताना ते प्रत्येक वेळी येत. मी नको नको म्हणायचे, ते ऐकायचे नाहीत.

त्यानंतर नवीन आवृत्ती निघाली. तिचं कारण असं की बरेच लोक सकाळी 'मी ठीक आहे' दाबायला विसरत आणि चुकून 'मदत' दाबणारे मात्र पुष्कळ. उगाच गाड्या निघत. म्हणून वेळापत्रकाने ठरवलं की 'मी ठीक आहे' जरा वर घ्यायचं, अंगठ्याखाली येईल असं, आणि 'मदत' सगळ्यात खाली न्यायचं. म्हणजे दोघांची अदलाबदल. बैठकीत चित्रं काढणारी पोरगी म्हणाली, "जागा बदलली तर गोंधळ होईल का त्यांचा? एकदा दाखवून घ्यायचं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यांची जाणकार मी. दोन गुरुवार मागितले असते तर मिळाले असते, कुरकुर करून का होईना. मी म्हटलं, "नाही होणार. ते वाचून दाबतात. नोंद आहे आपल्याकडे."

नोंद होतीच. मीच केली होती.

मंगळवारी दुपारी साडेबारा वाजता नवीन आवृत्ती सगळ्या फोनांवर आपोआप गेली. ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा पडदा आहे. कुठल्या घरातून काय दाबलं ते तिथे दिसतं: ठीक असलेल्यांचा हिरवा ठिपका, मदतीचा लाल. तीनला केक कापला आणि आम्ही सगळे तो खात उभे होतो. तीन वाजून दहा मिनिटांनी घर क्रमांक चौदाचा हिरवा ठिपका लागला. मग पुन्हा लागला. पाच मिनिटांनी पुन्हा. कुणीतरी म्हणालं, "चौदा नंबर आज फारच ठीक आहे." हशा पिकला. चौदा नंबर कोण ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "आमचे मास्तर. त्यांना नवीन जागा आवडलेली दिसते."

मी हसलेही. तोंडात केक होता.

सात ठिपके लागले. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत बावीस मिनिटं. शेवटचे तीन भराभर, एकावर एक. त्यानंतर पडदा शांत झाला आणि आम्ही कामाला लागलो.

त्या बावीस मिनिटांत त्या घरात काय झालं ते मला नंतर तुकड्या तुकड्यांनी कळलं. काकू बटणांची डबी घेऊन उठल्या आणि मशीनपाशी कोसळल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मास्तर घाबरले नाहीत. त्यांनी फोन घेतला, वरून तिसरं दाबलं, टिंग ऐकलं, बरोबरची खूण अंधुक दिसली, फोन खाली ठेवला आणि काकूंचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मी सांगितलं होतं तसे. कुणी येईना म्हणून पुन्हा दाबलं. पुन्हा टिंग. दोन्ही पट्ट्यांना आम्ही एकच आवाज दिला होता, तोच छान वाटायचा. इकडे तिकडे धावायचं नाही हेही त्यांनी पाळलं. सातव्यांदा दाबल्यावर मात्र त्यांनी खिडकी उघडली आणि खाली ओरडले. खालचा चावीवाला वर धावत आला. त्याने गाडी आणली.

काकू वाचल्या. उजवा हात गेला, काजांचा. बोलणं जड झालं. डॉक्टर मुलाला म्हणाले की अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं. 'कदाचित' हा शब्द मी तेव्हापासून पुष्कळ वेळा धरून बघितला आहे. तो आधार देत नाही.

मुलाने आमच्याकडे रागाने लिहिलं. वेळापत्रकाने मला बोलावून उत्तर तयार करायला सांगितलं. मी लिहिलं: सेवा सुरळीत चालू होती. वापरणाऱ्याने सात वेळा चुकीचा पर्याय निवडला. सदर व्यक्तीने चाचणीत 'मदत हवी' हा पर्याय मदतीशिवाय, वाचून, बरोबर निवडल्याची नोंद आहे. तिन्ही वाक्यं मी लिहिली. नेहमीसारखी लिहिली, एक शब्द बदलून पुन्हा वाचली आणि पाठवली.

आठवड्याने मी त्यांच्या घरी फळं घेऊन गेले. का गेले ते सांगता येत नाही. फळांची पिशवी हातात असली की माणूस बरा दिसतो, एवढंच असेल. दार मुलाने उघडलं. पलंगावर काकू, उशांना टेकून, उजवा हात चादरीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. मास्तर मशीनजवळच्या स्टुलावर. खोलीच्या मधोमध दोन उघड्या बॅगा आणि मुलगा त्यात काकूंचे कपडे भरत होता. मास्तरांचं काहीच भरलेलं नव्हतं.

मास्तर मला बघून उठले. "ताई, माफ करा," ते म्हणाले. "तुमची वस्तू चांगली होती. माझंच चुकलं. सात वेळा चुकलं."

मला तिथे काय वाटलं ते एका शब्दात सांगते: घाण. स्वतःची.

"बाबा, बसा," मुलगा म्हणाला. मग मला म्हणाला, "आईला मी माझ्याकडे नेतोय. तिथे बाई ठेवणार आहे. यांच्यासाठी इथेच एका वृद्धाश्रमात बोललोय. तुमच्या कंपनीचं पत्र आहे माझ्याकडे. चाचणीत वाचून बरोबर दाबत होते, आणि वेळेला सात वेळा चुकले. म्हणजे डोकं चालेनासं झालंय. अशा माणसाच्या भरवशावर आईला कसं ठेवू? आणि माझ्या घरी दोघांकडे कोण बघणार?"

पलंगावरून काकूंनी काहीतरी म्हटलं. शब्द कळला नाही, पण डावा हात त्यांनी मास्तरांच्या दिशेने केला होता. एकोणपन्नास वर्षांचा संसार माझ्या एका शब्दाने दोन बॅगांत वाटला जात होता, आणि मास्तरांनी ते मान्य केलं होतं. ते भांडत नव्हते. आपण कामातून गेलो, हे कागदावर आलं आहे, कागद ताईंचा आहे, म्हणजे खरंच असणार.

मी फळांची पिशवी खाली ठेवली. "त्यांचं डोकं ठीक आहे," मी म्हटलं. "पत्रातलं खोटं आहे. मी लिहिलंय."



मी सगळं सांगितलं. ते वाचत नव्हते, मोजत होते. मला पहिल्यापासून माहीत होतं. तिसऱ्या पट्टीच्या जागी आम्ही 'मी ठीक आहे' आणून ठेवली, त्यांना न विचारता, त्यांना न दाखवता, आणि माझ्या भरवशावर. ते सातही वेळा बरोबर जागी दाबत होते. जागा आम्ही हलवली. बोलताना माझा आवाज फुटला, त्याचीही मला लाज वाटली, कारण त्या खोलीत रडायचा हक्क माझा नव्हता. भिंतीवरच्या पडद्याचं आणि केकचं मी सांगितलं नाही. तेवढं मी इथे लिहिते आहे.

"हे लिहून द्याल?" मुलाने विचारलं. त्याचा आवाज अगदी थंड होता.

"देते."

कापायच्या टेबलावर बसून मी लिहिलं. खडूच्या चार पट्ट्या कुणी पुसल्या नव्हत्या, कागद त्यांच्यावरच आला. कंपनीचा शिक्का नाही, माझी सही. नोकरीचं काय होईल ते तेव्हा डोक्यात आलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. आलं होतं. तरी लिहिलं. मुलाने कागद उभ्याउभ्या दोनदा वाचला. मग मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवला, कारण त्यांना वाचता येत नाही हे आता सगळ्यांना माहीत होतं. वाचून झाल्यावर तो पलंगाच्या कडेला बसला. मग उठून त्याने एका बॅगेतले कपडे बाहेर काढून काकूंच्या पायाशी ठेवले. पुढे काय ठरलं हा त्यांच्या घरचा विषय आहे. दोघं अजून तिथेच, एकत्र आहेत, एक बाई दिवसभर येते, एवढं मला चावीवाल्याकडून कळतं.

मी निघाले तेव्हा मास्तर उठले. मला वाटलं, आज येणार नाहीत. पण ते आले. कठडा धरून, एकेक पायरी.

खाली जिन्याच्या तोंडाशी ते थांबले. बाहेरच्या उजेडात त्यांनी डोळे बारीक केले आणि माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत उभे राहिले. आता मला ठाऊक होतं की तसं बघितलं तरच त्यांना मी दिसते.

"तुम्ही माझा अंगठा पाहिला होतात," ते म्हणाले. "त्याच दिवशी मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत, मास्तर?"

"मला वाटलं, तुम्हालाही कळलंय. तुमच्या धंद्यातही असत असेल तसं." त्यांनी दोन बोटं जोडून माझ्यासमोर धरली, जाडी दाखवावी तशी. "मला वाटलं, तुम्ही आत कापड सोडलं असेल."

रस्त्यावरून कुणीतरी सायकल नेत होतं. ती जाईपर्यंत ते बोटं तशीच धरून होते.

"नव्हतं सोडलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, हात खाली घेतला आणि कठडा धरून पायऱ्या चढायला लागले.